दहाव्या क्रमांकाचा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे वाचनालयाचा एक ओटा आहे. संध्याकाळी तिथं आम्ही चौघं जमतो. एक निवृत्त गणिताचे शिक्षक, एक औषधाचे दुकानदार, एक बँकेतले आणि चौथा मी, कविता करणारा. पावसाची झड लागली आणि घरी जाता येईना की आमचा एक जुना खेळ सुरू होतो. भारताचा सर्वकालीन कसोटी संघ निवडायचा. पाठकोऱ्या कागदावर अकरा नावं लिहायची आणि मग भांडायचं.

वरच्या फळीवर भांडण फार टिकत नाही. गावसकर, द्रविड, तेंडुलकर ही नावं लिहिताना कुणी मान वर करत नाही. हजारे की कोहली, यावर थोडी चकमक होते. यष्टीमागे किरमाणी की धोनी, यावर एक चहा जातो. खरी लढाई पेटते ती आठव्या क्रमांकापासून पुढं. तळाच्या चार जागा आणि दावेदार वीस!

मला स्वतःला या तळाच्या मंडळींबद्दल पहिल्यापासून माया आहे. कविसंमेलनात माझा नंबर नेहमी शेवटून दुसरा किंवा तिसरा. तोवर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेलं असतं, मांडववाल्यानं मागच्या खुर्च्या उचलायला घेतलेल्या असतात. अशा वेळी जो उभा राहतो त्याची स्थिती मी जाणतो. दहाव्या क्रमांकाचा फलंदाज तसाच येतो. लोक उठून चाललेले असतात. त्याला कुणी फलंदाजीसाठी निवडलेलंही नसतं. त्याचं काम दिवसभर चेंडू टाकण्याचं; पण घर कोसळायला आलं की टेकू द्यायला त्यालाच हाक मारतात.

आणि हे टेकू कधी कधी फार मोठे ठरले आहेत. १९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात कसोटी खेळायला आला. दिल्लीच्या त्या पहिल्याच सामन्यात आपले नऊ गडी २६३ धावांत गेले होते. हेमू अधिकारी एका बाजूला उभे होते आणि अकराव्या क्रमांकावर हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद आले. या दोघांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा केल्या. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. पुढं विनू मांकड यांनी दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले आणि आपण डावानं जिंकलो. फाळणीला जेमतेम पाच वर्षं झाली होती. ज्या दिल्लीनं तो सगळा रक्तपात पाहिला, तिथं एक अधिकारी आणि एक अहमद मिळून भारताचा डाव लांबवत होते. मला ती भागीदारी फार आवडते.

कपिलदेवची १९९० सालची लॉर्ड्सवरची खेळी तर माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. फॉलोऑन टाळायला चोवीस धावा हव्या होत्या आणि साथीला शेवटचा गडी, नरेंद्र हिरवाणी. एडी हेमिंग्जच्या षटकात कपिलनं सलग चार षटकार मारले. सहा गुणिले चार, चोवीस. आमचे सर म्हणतात, हा माणूस दुसरीतलं पाढ्याचं गणित बॅटीनं सोडवून गेला! लगेच पुढच्या षटकात हिरवाणी बाद झाला. सामना आपण हरलोच, पण ते चार षटकार आजही कुणी विसरलेलं नाही.

असो. आता निवड.

आमच्या सरांनी पहिलीच एक युक्ती केली. मांकड यांना त्यांनी गावसकरबरोबर सलामीला पाठवलं. नियमाला धरूनच आहे हे. १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय आणि मांकड यांनी ४१३ धावांची सलामी दिली होती. १९५२ साली लॉर्ड्सवर याच मांकडनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि मधल्या वेळात ७३ षटकं टाकून पाच बळीही घेतले. डावखुरा फिरकी गोलंदाज आपल्याला असा वरच्या फळीतच मिळाला, की तळाच्या चारही जागा बाकीच्या गोलंदाजांना मोकळ्या. अर्थात यामुळं बिशनसिंग बेदी बाहेर राहिले. २६६ बळी घेणारा, हवेत चेंडू लोंबकळत ठेवणारा तो कलावंत. त्यांना वगळताना कागदावर पेन टेकवत नव्हतं.

आठव्या क्रमांकावर कपिल. ४३४ बळी आणि पाच हजारांवर धावा. आपल्याकडच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजी करत १३१ कसोटी खेळणं म्हणजे खडकाळ रानात सोळा वर्षं नांगर धरण्यासारखं आहे.

नवव्या जागेसाठी कुंबळे आणि अश्विन यांच्यात जबर ओढाताण झाली. अश्विननं २०२४ च्या डिसेंबरमध्ये निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर ५३७ बळी आणि सहा शतकं होती. २०२१ च्या जानेवारीत सिडनीला पाठ धरलेली असताना तो १२८ चेंडू खेळून नाबाद राहिला आणि हनुमा विहारीबरोबर त्यानं सामना वाचवला. तरी मी कुंबळे लिहिला. ६१९ बळी, त्यात १९९९ साली दिल्लीला पाकिस्तानचे एका डावात दहाच्या दहा. आणि २००२ मध्ये अँटिग्वाला जबडा मोडलेला असताना चेहऱ्याला पट्टी बांधून येऊन त्यानं लाराला बाद केलं, ते दृश्य. २००७ साली ओव्हलवर, सतरा वर्षांच्या वाटचालीनंतर, त्यानं पहिलं शतक ठोकलं. तो आनंद पाहिलेला माणूस नवव्या क्रमांकावर दुसरं नाव कसं लिहील?

अकराव्या जागेवर जसप्रीत बुमरा. २०२४ च्या अखेरीस मेलबर्नला त्यानं दोनशे बळी पूर्ण केले, तेव्हा एका बळीमागं त्यानं वीसपेक्षा कमी धावा दिल्या होत्या. दोनशे बळी घेतलेल्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोलंदाजाला तोवर हे जमलं नव्हतं. बॅटही तो अगदीच उलटी धरत नाही. २०२१ मध्ये लॉर्ड्सवर शमी आणि त्यानं नवव्या गड्यासाठी ८९ धावांची अभंग भागी केली आणि हरत आलेला सामना फिरवला.

राहिला दहावा क्रमांक. तिथं मी लिहिलं, झहीर खान.

सरांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि हसून म्हणाले, "काय कवी, आपला माणूस म्हणून घेतलात वाटतं?"

सगळे हसले, मीही हसलो. पाऊस थांबला होता, आम्ही घरी गेलो.

श्रोतेहो, माझं नाव मुसलमानी आहे आणि कविता मराठी. एवढं आयुष्य याच गावात गेलं. त्या ओट्यावर मला कुणी कधी परकं मानलेलं नाही. तरी ते एक वाक्य घरापर्यंत माझ्या मागं आलं. आपला माणूस. जेवताना तेच, अंथरुणावर पडल्यावर तेच. शेवटी उठलो, दिवा लावला, कागद काढला आणि झहीरचं नाव खोडून तिथं चंद्रशेखर लिहिलं. कारणही लगेच तयार झालं. १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत सहा बळी, इंग्लंडमधला आपला पहिला विजय. चंद्राच्या निवडीला कोण नाव ठेवणार?

पण झोप काही लागली नाही. डोळ्यांसमोर येत राहिले पालवणकर बाळू. १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला, त्याच्या कितीतरी आधीचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. आमच्या खेळात कसोटी खेळलेल्यांनाच जागा असल्यामुळं त्यांचं नाव कधी निघतच नाही. पुण्याच्या साहेबांच्या जिमखान्यात ते खेळपट्टी राखायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यांची गोलंदाजी हिंदूंच्या संघाला हवी होती; पण जातीनं चर्मकार म्हणून त्यांचा चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

बाळूंचं नाव कर्णधाराच्या रकान्यातून दुसऱ्यांनी खोडलं होतं. चेंडूशी ज्याचा काही संबंध नाही, अशा कारणासाठी. आणि मी काय केलं? झहीरचं नाव मी माझ्या हातानं खोडलं, तेही चेंडूशी संबंध नसलेल्या कारणासाठीच. लोक काय म्हणतील, म्हणून. एखाद्याला आपला म्हणून आत घेणं हा पक्षपात असेल, तर आपला म्हणून बाहेर काढणं हाही पक्षपातच की!

चार दिवसांनी पुन्हा पाऊस, पुन्हा ओटा. सरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "झहीर कुठं गेला हो?"

मी म्हटलं, "काढला. तुम्हीच म्हणालात, आपला माणूस म्हणून घेतला."

"मग? आहेच ना आपला. श्रीरामपूरचा पोरगा तो. आपल्या जिल्ह्यानं दिलेला एवढा मोठा कसोटीवीर दुसरा कोण? अहो, मी नगरचा म्हणून म्हणालो."

मी गप्प राहिलो. सर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. हळूच म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं, कवी?" मी उत्तर दिलं नाही. औषधवाल्यांनी चहा मागवला. ओट्यावर बराच वेळ नुसता पावसाचा आवाज होता.

मग सरांनीच सुरुवात केली. आणि ते तुटून पडले ते झहीरवर! म्हणाले, "आता ऐका. जिल्ह्याचा असला म्हणून काय झालं? तुमच्या झहीरची सरासरी जवळजवळ तेहतीस. आमच्या सुभाष गुप्ते यांची तिशीच्या आत. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजचे एका डावात नऊ बळी घेतले त्यांनी. छत्तीस कसोटींत १४९ बळी. काढा ते नाव आणि लिहा गुप्ते."

काय सांगू, ती टीका ऐकून मला इतकं बरं वाटलं! कारण ती चेंडूबद्दल होती.

मीही मग बाह्या सरसावल्या. म्हटलं, मांकड आणि कुंबळे अशी दोन फिरकीची टोकं संघात आहेतच. कपिल आणि बुमरा दोघंही उजव्या हाताचे. फलंदाजाला वेगळा कोन दाखवायला डावखुरा वेगवान गोलंदाज हवा, जुना चेंडू उशिरा वळवणारा हवा. २००७ मध्ये नॉटिंगहॅमला इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकून त्याची थट्टा केली, तर त्यानं सामन्यात नऊ बळी घेऊन उत्तर दिलं. त्या विजयावर आपण मालिका जिंकली. सरासरी म्हणता, तर ३११ बळींतले कितीतरी आपल्याकडच्या पाटा खेळपट्ट्यांवर घाम गाळून मिळवलेले. आणि फलंदाजी? गुप्ते यांची नावापुरती. झहीरनं २००४ साली ढाक्याला अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा केल्या. समोर तेंडुलकर, शेवटच्या गड्यासाठी १३३ धावा. बोला!

सर बोलले. अजून बोलत आहेत. त्यांच्या कागदावर गुप्ते आहेत, माझ्या कागदावर झहीर. खोडलेलं नाव मी पुन्हा लिहिलं आहे आणि तसा तो आमच्या जिल्ह्याचाही आहे, हे मी आता मोठ्यानं सांगतो.

तुम्हीही कधी पावसाळ्यात असा संघ निवडलात, तर तळाच्या चार जागांवर जरा थांबा. एखादं नाव का लिहिलं, हे सगळेच विचारतात. एखादं नाव का खोडलं, हे आपलं आपल्यालाच विचारावं लागतं.