जीवदयेला ज्ञानाची जोड : पर्यावरण क्षेत्रातील शिक्षण आणि उपजीविका

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आजवर आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली शिकली. कोणी डॉक्टर झाले, कोणी अभियंते, कोणी सनदी लेखापाल. त्यांचा आपणा सर्वांना अभिमान आहे. आज मात्र ज्या वाटेने आपली मुले अजून फारशी गेलेली नाहीत, त्या वाटेविषयी बोलण्याची परवानगी मी मागतो. पर्यावरण शिक्षण आणि निसर्गसंवर्धन हे ते क्षेत्र. महाविद्यालयात शिकवताना अनेक पालकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "सर, हे सगळे चांगले आहे, पण त्यावर पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. व्यापारी समाजाने तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी आज शक्य तितके सरळ देणार आहे.

व्यवसायाचा विचार आपल्याला नवा नाही

कोणता धंदा करावा आणि कोणता करू नये, याचा विचार आपल्या आगमांनी फार पूर्वी केला आहे. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत कोळसा पाडण्याचे अंगारकर्म आहे, झाडे तोडून विकण्याचे वनकर्म आहे, हस्तिदंताचा व्यापार म्हणजे दंतवाणिज्य आहे. रानाला आग लावणे आणि तळी, डोह आटवणे यांचाही त्याच यादीत समावेश आहे. आजच्या पर्यावरण कायद्यांची यादी यापुढे ठेवून पाहिली, तर दोन्हींतील साम्य पाहून मन थक्क होते. पृथ्वीकाय, अप्काय, वनस्पतिकाय या संकल्पना तर आपण पाठशाळेतच शिकतो. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लिहिलेले निसर्गविषयक जैन घोषणापत्र २३ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनमध्ये प्रिन्स फिलिप यांना सादर करण्यात आले, तेव्हा जगानेही या विचाराची दखल घेतली.

काय करू नये, हे आपण शिकलो आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले. जीवदयेसाठी आपण पांजरापोळ चालवतो, पाणपोया घालतो, चातुर्मासात सढळ हाताने दान देतो. परंतु जे राखायचे ते राखण्याचे शास्त्र शिकणे आणि त्यालाच आपले जीवनकार्य व व्यवसाय करणे, हे पाऊल अजून उचलायचे आहे. दानाला ज्ञानाची जोड मिळाली नाही तर काय होते, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. मोठ्या उत्साहाने वृक्षारोपण होते, छायाचित्रे निघतात आणि वैशाखात तेथे वाळलेल्या काटक्या उरतात. कोणत्या मातीत कोणते झाड लावावे, त्याला पाणी कोण घालणार आणि चराईपासून ते कसे वाचणार, हे सांगणारा जाणकार आपल्यात नसतो.

खानदेशाने दिलेली उदाहरणे

हे ज्ञान दूर कोठेतरी आहे असे समजू नका. आपल्याच दोन जिल्ह्यांत त्याची उदाहरणे आहेत.

पांझरा नदीवरील फड पद्धत आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यांतून पाटाने पाणी येई, शिवाराचे फड पाडलेले असत आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत. पाण्याचे वाटप करण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागले नेमलेले असत. त्यांचा मेहनताना शेतकरी देत. पाणी राखणे हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकतो, हे या भूमीला तेव्हापासून माहीत आहे.

दुसरे उदाहरण शिरपूरचे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी राज्याच्या भूजल खात्यात सेवा केली आणि निवृत्तीनंतर २००४ पासून, अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने, शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभी केली. तापीखोऱ्यातील गाळाचा थर आणि दक्षिणेकडील काळा पाषाण यांत पाणी वेगवेगळ्या रीतीने मुरते. वरचा अभेद्य थर ओलांडून पाणी खाली पोहोचले पाहिजे, हे त्यांच्या शास्त्राने सांगितले. पैसा पाठीशी होताच; परंतु कोठे किती खोदायचे हे भूशास्त्राच्या पदवीने ठरवले. हे काम पुढे 'शिरपूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर चर्चिले गेले.

तिसरे, साक्री तालुक्यातील बारीपाडा. चैत्राम पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावी परतले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापासून त्यांनी ग्रामस्थांसह गावाभोवतीचे जंगल राखायला घेतले. गावाने स्वतःच कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम केले, मोडणाऱ्याला दंड ठेवला. जंगल परतले, विहिरींना पाणी आले, रानभाज्यांचा महोत्सव भरू लागला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की हा माणूस वाणिज्य शाखेचा आहे.

चौथे उदाहरण एका पक्ष्याचे आहे. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कोणाला दिसले नव्हते. ते नामशेष झाले असेच मानले जाई. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने तपासले. त्यांत १९१४ ची नोंद असलेला एक नमुना होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. म्हणून त्या नोंदीतील ठिकाण वगळून त्यांनी जुन्या, विश्वसनीय नोंदींचा माग घेतला. त्या नोंदींपैकी काही १८८० च्या दशकात खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांच्या होत्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. एका खऱ्या चिठ्ठीने पक्षी सापडला आणि एका खोट्या चिठ्ठीने शोध किती वर्षे भरकटवला! अचूक नोंद ठेवणे हा आपल्या समाजाचा पिढीजात गुण. चोपडीत खोटी नोंद करू नये हा आपल्या दुकानातला संस्कार विज्ञानातही तितकाच मोलाचा आहे.

आणि जळगावकरांना भवरलालजी जैन यांची आठवण करून देण्याची गरज नाही. १९३७ मध्ये जन्मलेल्या, वाकोदच्या या सुपुत्राने ठिबक सिंचनाचा उद्योग उभारला. पाण्याची बचत हाच ज्याचा माल, असा तो व्यापार. २०१६ मध्ये ते गेले, पण पाणी वाचवण्याच्या विद्येवर हजारो कुटुंबांची चूल पेटू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

शिक्षणाच्या वाटा

आता विद्यार्थ्यांशी थोडे व्यवहाराचे बोलतो.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे. घरी राहून, माफक शुल्कात पदव्युत्तर शिक्षण घेता येते, हा मुलींच्या पालकांसाठी विशेष विचार करण्याचा मुद्दा आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता हा पदव्युत्तर विषय आहे. बारावी विज्ञाननंतर वनशास्त्राची पदवी घ्यायची असल्यास दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत सोय आहे. वन्यजीवशास्त्रात उच्च शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि वनव्यवस्थापनासाठी भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, या दोन्ही १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संस्था देशात नावाजलेल्या आहेत. अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ मध्ये कार्तिकेय साराभाई यांनी उभारले. शाळांसाठी पर्यावरणाचे पाठ कसे रचावेत, हे तेथून शिकावे. ज्यांना नोकरी-धंदा सांभाळून छंद जोपासायचा आहे, त्यांच्यासाठी १८८३ मध्ये स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्षी, वनस्पती, कीटक यांचे छोटे अभ्यासक्रम घेत आली आहे.

भारतीय वनसेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. तिला विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी, वनशास्त्र अशा ठरावीक विषयांची पदवी लागते. नुसत्या वाणिज्य पदवीवर ती देता येत नाही. ज्याच्या मनात ही सेवा आहे त्याने शाखा निवडतानाच हे ध्यानात ठेवावे. सहायक वनसंरक्षक व वनक्षेत्रपाल ही पदे राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, तर वनरक्षकाची भरती वनविभाग स्वतः करतो.

कामे कोठे आहेत?

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर शिकवावा असे सांगितले. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत हा विषय आला. तो मनापासून शिकवणारे मात्र अजूनही हवे आहेत.

उद्योगांकडे पाहा. जळगावात डाळ मिल आहेत, पाइप व चटईचे कारखाने आहेत. त्यांतले अनेक आपल्याच बांधवांचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, सांडपाण्याची तपासणी, प्लास्टिक कचऱ्याचा हिशेब यांसाठी आपण बाहेरगावचा सल्लागार बोलावतो. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सादर करावा लागतो. पाणी-माती तपासणारी प्रयोगशाळा, असे अहवाल करणारी संस्था, हे स्वतंत्र व्यवसाय आहेत.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल देणे 'सेबी'ने बंधनकारक केले. किती वीज वापरली, किती पाणी उपसले, किती कचरा निर्माण केला, याचा ताळेबंद त्यात मांडावा लागतो. रुपये-पैशांचा ताळेबंद मांडणाऱ्या हातांना पाण्याचा ताळेबंद शिकणे जड जाऊ नये. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठी नफ्याच्या दोन टक्के खर्चाचे बंधन घातले; पर्यावरण हा त्यातील मान्य विषय आहे. ते प्रकल्प आखणारी, तपासणारी माणसे लागतात.

आयटीआय झालेल्या मुलांसाठी साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प ही जवळचीच उदाहरणे. त्यांच्या देखभालीला कुशल तंत्रज्ञ लागतात. आणि ज्यांना रानाची ओढ आहे, त्यांच्यासाठी यावल व अनेर ही अभयारण्ये, मुक्ताईनगरजवळचे डोलारखेडा परिसरातील वाघांचे जंगल, हतनूर जलाशयावरील स्थलांतरित पक्षी ही खुली प्रयोगशाळाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. त्या शास्त्रशुद्ध करायला वनस्पती आणि प्राणी ओळखणारी माणसे हवीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या क्षेत्रातील संशोधन व स्वयंसेवी संस्थांतील पदे बहुधा प्रकल्पाच्या मुदतीची, कंत्राटी असतात. पहिली काही वर्षे मानधन तुटपुंजे असते. शासकीय पदांसाठी स्पर्धा तीव्र असते. केवळ प्राण्यांचे प्रेम आहे म्हणून येणारा विद्यार्थी उन्हातान्हाच्या पहिल्याच हंगामात कंटाळतो. म्हणून नकाशावाचन, संख्याशास्त्र, इंग्रजी व मराठीत नेटका अहवाल लिहिणे, यांपैकी किमान दोन कौशल्ये हाती असल्याशिवाय येऊ नये. ती असतील, तर ही वाट उपाशी ठेवत नाही. दुकान नवे लावले तरी बैठक बसायला काही वर्षे लागतातच, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

विश्वस्तांना तीन विनंत्या

शेवटी, सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली : शिष्यवृत्तीच्या अर्जात अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, वाणिज्य असे रकाने आहेत आणि पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी 'इतर' या रकान्यात जातो. 'इतर'चा अर्ज साहजिकच शेवटी वाचला जातो. वनशास्त्र, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांसाठी स्वतंत्र रकाना करावा आणि दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. त्यांतील एक मुलीसाठी असावी.

दुसरी : समाजाची स्थानके, धर्मशाळा, भोजनशाळा, पांजरापोळ येथे पाणी किती लागते, किती वाया जाते, छतावरचे पावसाचे पाणी कोठे जाते, ओल्या कचऱ्याचे व शेणाचे काय होते, याची पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि त्यांना त्याचे मानधन द्यावे. विद्यार्थ्याला अनुभवाचा दाखला मिळेल, संस्थेला पाण्याचा हिशेब मिळेल.

तिसरी : पाठशाळेत षट्काय जीवांची नावे मुले पाठ करतात. महिन्यातून एक रविवार त्यांना मेहरूण तलावाच्या काठी किंवा लळिंगच्या कुरणात न्यावे. ज्या जीवांची नावे त्यांनी घोकली, ते तेथे प्रत्यक्ष भेटतील.

पालकांनो, आपली मुले व्यापार सोडतील अशी भीती बाळगू नका. रावेर-यावलच्या केळीबागांखालचे पाणी खोल जात आहे. पाणी संपले तर शेतकरी थांबेल, शेतकरी थांबला तर बाजारपेठ थांबेल, आणि बाजारपेठ थांबली तर आपल्या पेढ्यांचे दरवाजेही उघडे राहणार नाहीत. हे पाणी, ही माती, हे रान समजणारा एक मुलगा किंवा एक मुलगी प्रत्येक गावातील आपल्या समाजातून तयार व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. जीव एकमेकांच्या आधारानेच जगतात, ही आपल्या तत्त्वज्ञानाची शिकवण आहे. ती शिकवण आता कोणाच्या तरी पदवीत, कोणाच्या तरी नोकरीत, कोणाच्या तरी रोजच्या घामात उतरलेली पाहायची आहे.



जय जिनेंद्र!