मोटार थांबते तेथून पुढे

(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून प्रवासाविषयी दोन शब्द सांगावेत अशी चालकांची आज्ञा झाली. प्रवास आम्ही चौघांनी मिळून केला, बोलण्याचे काम एकावर आले. म्हणून भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नव्हे, संख्येचा समजावा. आम्ही चौघेही साठी ओलांडलेले. मुलांकडे अमेरिकेस गेलो असता मे महिन्याच्या अखेरीस आम्ही एका घाटात सायकली चालविल्या. बडोद्यासारख्या सपाट गावच्या माणसांनी घाटाच्या गोष्टी काय सांगाव्यात, असे कोणाच्या मनात येईल. पण आमचा विषय घाटापेक्षा रस्त्याचा अधिक आहे.

अमेरिकेच्या उत्तरेस, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, मोंटाना राज्यात ग्लेशियर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९१० साली स्थापन झाले. त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे ८० किलोमीटर लांबीचा एक रस्ता जातो. त्याचे नाव 'गोइंग-टु-द-सन रोड', म्हणजे सूर्याकडे जाणारा रस्ता. त्याच नावाच्या एका शिखरावरून ते पडले आहे. रस्त्याचा माथा म्हणजे लोगन खिंड, उंची सुमारे २,०२५ मीटर. काम १९२१ साली सुरू झाले आणि १५ जुलै १९३३ रोजी उद्घाटन झाले.

पहिल्या आराखड्यात या चढणीवर पंधरा नागमोडी वळणे होती. टॉमस व्हिंट नावाच्या तरुण रचनाकाराने हरकत घेतली की, अशाने दरीचे सौंदर्य विद्रूप होईल. त्याने सुचविले, वळण एकच घ्यावे आणि पुढे रस्ता कड्याच्या अंगाअंगाने चढत न्यावा. तेच मान्य झाले. त्या एका वळणास 'लूप' म्हणतात. चढ शंभर फुटांस सुमारे सहा फूट, याहून अधिक नाही. हा हिशेब मोटारींसाठी केलेला. पण नव्वद वर्षांनंतर तो आमच्या गुडघ्यांच्याही उपयोगी पडला.

भर उन्हाळ्यात हा रस्ता मोटारींचा असतो. या उद्यानास वर्षाकाठी तीसएक लाख माणसे भेट देतात. त्या दिवसांत काही अरुंद भागांवर सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत सायकलींस बंदी असते. हिवाळ्यात वरचा घाट बर्फाखाली जातो. एप्रिलच्या सुमारास बर्फ काढण्यास आरंभ होतो आणि माथ्यापर्यंतचा रस्ता मोटारींस खुला व्हावयास बहुधा जून अखेर, कधी जुलै उजाडतो. या मधल्या काही आठवड्यांत मोटारी खालच्या फाटकाशी थांबतात आणि बर्फ काढून झालेल्या रस्त्यावर पायी चालणारे व सायकलवाले यांनाच पुढे सोडतात. उन्हाळ्यात जी सायकल बाजूस सारली जाते, तिलाच वसंतात मान मिळतो.

परंतु हा मोकळा रस्ता आपोआप मिळत नाही, हे मुद्दाम सांगावयाचे आहे. खिंडीच्या पूर्वेस 'बिग ड्रिफ्ट' नावाचा बर्फाचा ढिगारा साठतो. एखाद्या वर्षी त्याची खोली ऐंशी फुटांपर्यंत जाते. यंत्रे चालविणारे कामगार तो थराथराने कापून काढतात. डोक्यावर कडा, खाली दरी, आणि वरून हिमलोट केव्हा सुटेल याचा नेम नाही. १९५३ च्या मे महिन्यात अशाच एका हिमलोटात चार कामगार सापडले. दोघे प्राणास मुकले. एक जण कित्येक तास बर्फाखाली गाडला गेला असता जिवंत सापडला. आज हिमलोटाचा अंदाज घेणारे जाणकार कामगारांबरोबर असतात. तरी आपण ज्या डांबरावर मौजेने सायकल चालवितो, ते कोणीतरी जीव धोक्यात घालून मोकळे केले आहे, याचा विसर पडू नये.

आम्ही रविवारी निघालो, कारण सुटीच्या दिवशी यंत्रे बंद असल्याने अधिक पुढे जाता येते. अ‍ॅव्हेलांच नावाच्या ओढ्यापाशी मोटार ठेवली. तेथून खिंड सुमारे सव्वीस किलोमीटर आणि लूप त्याच्या निम्म्यावर. चौघांपैकी दोघांनी विजेची मदत असलेल्या सायकली भाड्याने घेतल्या होत्या. उरलेल्या दोघांनी आरंभी त्यांची थट्टा केली. चढ लागल्यावर ती आपोआप थांबली. अस्वले त्या सुमारास हिवाळी झोपेतून उठलेली असतात, म्हणून प्रत्येकाजवळ फवाऱ्याची डबी होती. आत द्रव्य कसले, तर मिरचीतलेच तिखट! आंधळ्या वळणावर मोठ्याने आवाज करीत जावे असा तेथे दंडक आहे. आम्ही 'आलो रे आलो' अशा मराठी हाका दिल्या. अस्वलांनी त्यांचा मान राखला.

पहिले काही किलोमीटर रस्ता ओढ्याकाठच्या झाडीतून जवळजवळ सपाट जातो. मग चढ लागतो आणि लूपच्या अलीकडे खडकात कोरलेला बोगदा येतो. त्याला दरीकडे खिडक्या ठेवल्या आहेत. मोटारीतून त्या क्षणभर दिसत असतील. आम्ही तेथे बसून डबा खाल्ला. लूप ओलांडल्यावर समोरच्या डोंगरावरून पडणाऱ्या धबधब्याचा आवाज दरीपलीकडून स्पष्ट येऊ लागला. आजूबाजूस सात-आठ वर्षांची मुले होती, मागच्या गाडीत तान्हे मूल घेतलेल्या आया होत्या, आणि आमच्याहून वडीलधारेही होते. रस्त्याच्या मधोमध थांबून माणसे एकमेकांशी बोलत होती.

लूपच्या पुढे काही अंतरावर पाटी आली: हिमलोटाचा धोका, पुढे जाऊ नये. पाटीपलीकडे रस्ता स्वच्छ होता, ऊन पडले होते, पायांत बळही होते. आमच्यात थोडा वाद झाला. इतक्या दूर येऊन खिंड न पाहता परतावयाचे? पहाऱ्यास कोणी नव्हते, तरी तेथवर आलेला एकही सायकलवाला पाटी ओलांडीत नव्हता. आम्हीही माघारी वळलो. चढताना अंगावर नको झालेले लोकरी कपडे उतारावर सारे चढवावे लागले. ब्रेक दाबून बोटे बधिर झाली. खिंड राहिली ती राहिलीच.

आता मुद्द्याकडे येतो. आम्ही चौघेही एके काळी बडोद्यात सायकलवरच शाळेत आणि कचेरीत गेलो. पुढे सायकल सुटली. वय झाले, गुडघे गेले, असे आम्ही सांगत असू. त्या दिवशी घाटात कळले की, सायकल गुडघ्यांनी सोडविली नव्हती, रस्त्याने सोडविली होती. आज आपल्या वसतिगृहातील मुले सायकल घेऊन निघाली की घरी परतेपर्यंत आयांचा जीव टांगणीला असतो. वाचनालयात येणारे कित्येक वृद्ध केवळ रस्ता ओलांडण्याच्या भीतीने येईनासे झाले.

मोटारी हद्दपार करा असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही त्यांतूनच हिंडतो. म्हणणे एवढेच की, रस्त्याची वेळ वाटून घेता येते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात आणि पुढे गाव आपल्या पायांनी चालते. गुरगावात २०१३ साली रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींस बंद ठेवून लोकांस मोकळे करून देण्यास आरंभ झाला. संस्थेच्या दारापुढचा रस्ता महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास असा मिळावा, म्हणून विश्वस्तांनी महानगरपालिकेकडे अर्ज करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. दोन्ही टोकांस उभे राहून वाहने वळविण्यास माणसे लागतील. फुकटचा मोकळा रस्ता कोठेच नसतो. त्या कामासाठी आम्हां चौघांची नावे आजच लिहून घ्यावीत.