न विचारता घेतलेला निर्णय

२९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर वारले. वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली होती. तुम्ही म्हणाल, मेहकर-मोताळ्याच्या बाईला त्यांचं काय? पण हा माणूस नौदलातून घरी परत येऊन भुईमुगाची शेती करणारा होता. त्यांच्या घरात जे घडलं, ते आपल्या घरांतही रोज घडतं. म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलतो आहोत.

कार्टर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहानशा गावचे. १९४६ साली ते नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी ७ जुलैला गावातल्याच रोझलिनबाईंशी त्यांचं लग्न झालं. पुढे ते पाणबुडीवर अधिकारी झाले. रोझलिनबाईंना ते आयुष्य आवडलं होतं. बंदरोबंदरी बदली व्हायची, नवरा समुद्रावर असला की घर, पैसे, लेकरं सगळं त्या एकट्या सांभाळायच्या. सासर-माहेर दोन्ही लांब.

१९५३ मध्ये कार्टर यांचे वडील गेले. गावी शेती होती, बी-बियाणं आणि खतांचा धंदा होता. कार्टर यांनी नोकरी सोडून गावी जायचं ठरवलं, आणि बायकोला न विचारताच ठरवलं. रोझलिनबाई रडल्या, भांडल्या. उपयोग झाला नाही. तीन लहान मुलं घेऊन गाडी गावाकडे निघाली, तेव्हा वाटभर त्या नवऱ्याशी जेमतेम बोलल्या.

पहिल्याच वर्षी दुष्काळ पडला. पीक गेलं, कर्ज काढावं लागलं. राहायला होतं ते गरिबांसाठी सरकारने बांधलेल्या वसाहतीतलं घर. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

धंद्यात माणसं ठेवायला पैसा नव्हता, म्हणून रोझलिनबाई दुकानात बसू लागल्या. हिशेबाचं पुस्तक आणून त्या जमाखर्च लिहायला शिकल्या. काही वर्षांत अशी वेळ आली की कोणत्या कामात नफा आहे आणि कोणत्या कामात तोटा, हे त्याच नवऱ्याला सांगू लागल्या. वही जिच्या हातात असते तिला घराचं खरं चित्र दिसतं. आपल्या गटाच्या पंचसूत्रीत हिशेब लिहिण्याला जागा आहे, ती याचसाठी.

तरी सवय लगेच सुटत नाही. १९६२ साली राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवायचं कार्टर यांनी ठरवलं, तेही बायकोशी न बोलता! ऐन वाढदिवसाला सकाळी चांगले कपडे घालून ते निघाले, तेव्हा कुठे घरात कळलं. मात्र पुढे प्रचाराला रोझलिनबाई बरोबरीने उतरल्या. १९७७ ते १९८१ या काळात कार्टर राष्ट्राध्यक्ष होते, तेव्हा त्या मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसायच्या आणि टिपणं घ्यायच्या. आपण बायकोला विचारायला हवं होतं, हे कार्टर यांनी नंतर स्वतः जाहीरपणे सांगितलं. लग्न ७७ वर्षं टिकलं. दोघं मिळून एक पुस्तक लिहायला बसले, तर इतके भांडले की कोणता परिच्छेद कोणाचा, हे पुस्तकात खुणेनं दाखवावं लागलं. पण रात्री झोपण्याआधी भांडण मिटवायचं आणि दोघांनी मिळून बायबल वाचायचं, हा त्यांचा नेम होता.

चर्च हा त्यांच्या जगण्याचा दुसरा खांब. नौदलात शिकत असतानाही ते रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत, आणि नव्वदी ओलांडल्यावरही गावच्या चर्चमध्ये शिकवत राहिले. तिथलं गवत ते स्वतः कापायचे. चर्चमधला लाकडी क्रूस त्यांनीच घडवला होता. असा हा श्रद्धाळू माणूस. पण त्यांच्या पंथाच्या मोठ्या संघटनेने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९९८ मध्ये लिहून ठेवलं की बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं. २००० मध्ये ठरवलं की धर्मगुरू फक्त पुरुषच होईल. तेव्हा ७६ वर्षांच्या कार्टर यांनी त्या संघटनेशी नातं तोडलं. देवाला सोडलं नाही, गावच्या चर्चलाही सोडलं नाही. बाईला खाली बसवणारा नियम तेवढा नाकारला. ज्या माणसाने एकेकाळी बायकोला विचारलं नव्हतं, तोच हे करू शकला.

त्यांच्या घराचं आपल्या महाराष्ट्राशीही नातं आहे. त्यांच्या आई लिलियन या नर्स. ६८ व्या वर्षी, १९६६ साली, त्या पीस कोअरमधून भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीला त्यांनी रुग्णसेवा केली. २००६ मध्ये ८२ वर्षांचे कार्टर आणि रोझलिनबाई लोणावळ्याजवळ हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या कामावर आले आणि गरिबांची घरं बांधायला दोघांनी हात लावला.

आता आपल्याकडे बघा. कर्जाच्या अर्जावर सही बाईची असते. हे कर्ज कोणी ठरवलं, असं आम्ही विचारलं की उत्तर येतं, "मालकांनी." हप्ता मात्र ती भरते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्याला किती वर्षं झाली! पण सोयाबीन कधी विकायचं, पोरीला बारावीनंतर कुठे घालायचं, हे आजही कितीतरी घरांत तिला निर्णय झाल्यावरच कळतं.

आमचं एवढंच सांगणं आहे. गटाचा असो की बँकेचा, कर्जाचा कागद आधी घरी दोघांनी बसून वाचायचा. रक्कम किती, हप्ता किती, फेडायचा कशातून, हे तुमच्या वहीत तुमच्या हाताने लिहायचं आणि मगच सही करायची. मालक चिडले तर चिडू द्या. रोझलिनबाईंनाही सगळं पहिल्या दिवशी मिळालं नव्हतं. आणि घरात मुलगा असेल, तर हिशेबाला त्यालाही शेजारी बसवा.