पॅरिसची लाल माती
(मुलुंड येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसमध्ये रोलाँ गारोसची टेनिस स्पर्धा सुरू होते आणि जूनच्या सुरुवातीला संपते. तिकडे अंतिम सामना आणि इकडे मृग नक्षत्र, हा योग बहुतेक दरवर्षी जुळून येतो. आपल्याकडच्या जिमखान्यांची मातीची कोर्टं पावसासाठी बंद करायची लगबग चालू असते, तेव्हाच संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर ते लाल कोर्ट उजळतं. या स्पर्धेचा इतिहास मला आज सांगायचा आहे. विजेत्यांची यादी कुठेही मिळते, त्यासाठी तुम्ही इथे यायची गरज नव्हती. मला बोलायचं आहे ते या स्पर्धेच्या जमिनीबद्दल. तीच तिची खरी नायिका आहे, असं माझं ठाम मत आहे.

पडद्यावर ते कोर्ट इतकं लाल दिसतं की खाली हातभर तांबडी माती असेल असं वाटतं. तसं नाही. लाल थर जेमतेम एक ते दोन मिलिमीटरचा असतो. विटांचा बारीक चुरा, ज्याला आपले जुने गवंडी सुरकी म्हणत आणि चुन्यात कालवत, तोच तो. त्याच्या खाली सहा-सात सेंटिमीटर जाडीचा चुनखडीचा पांढरा थर दाबून बसवलेला. त्याखाली जळलेल्या दगडी कोळशाची खर, मग बारीक खडी आणि तळाला मोठे दगड. म्हणजे कोर्ट मुळात पांढरं आहे, लाल आहे तो नुसता वरचा हात. पण सगळा खेळ त्या हातावर चालतो. चुनखडी ओलावा धरून ठेवते, म्हणून चुरा उडून जात नाही, आणि चुऱ्यावर बूट घसरतो, म्हणून खेळाडू धावत येऊन घसरत घसरत चेंडूपाशी पोचतो आणि फटका मारून परत फिरतो.

चेंडू या जमिनीवर पडला की घर्षणाने त्याचा वेग कमी होतो आणि तो उंच उसळतो. गवतावर जी सर्व्हिस बिनतोड ठरते, ती इथे परत येते. एक गुण मिळवायला दहा-पंधरा फटके लागतात. त्यामुळे पीट सॅम्प्रास, जॉन मॅकेन्रो, जिमी कॉनर्स, बोरिस बेकर, स्टीफन एडबर्ग या पाचांनी बाकी जग जिंकलं, पण पॅरिसचं एकेरीचं विजेतेपद त्यांच्यापैकी एकालाही मिळालं नाही. १९८४ च्या अंतिम सामन्यात मॅकेन्रो पहिले दोन सेट जिंकून पुढे होता. इव्हान लेंडलने पुढचे तिन्ही सेट घेतले. मॅकेन्रोच्या सगळ्या कारकिर्दीत तो पराभव त्याला सर्वाधिक बोचत राहिला, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

ही जमीन आली कुठून? हकिकत अशी सांगितली जाते की १८८० च्या सुमारास विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे विम्बल्डन गाजवणारे इंग्रज जुळे भाऊ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान इथे टेनिस शिकवत होते. तिथल्या उन्हाने हिरवळ करपायला लागली. जवळच व्हालोरिस हे कुंभारांचं गाव होतं. तिथली फुटकी, वाया गेलेली मडकी दळून त्यांनी ती पूड गवतावर पसरली. गवत वाचवण्याचा तो उपाय होता. मग लक्षात आलं की गवताची गरजच नाही.

स्पर्धा सुरू झाली १८९१ मध्ये, आणि ती फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरती होती. गंमत म्हणजे पहिला विजेता एच. ब्रिग्ज हा पॅरिसमध्ये राहणारा इंग्रज. स्त्रियांची एकेरी १८९७ मध्ये आली. पुढची तीसेक वर्षं ही घरगुती स्पर्धाच राहिली. कधी या क्लबात, कधी त्या क्लबात, एकदा तर थेट बोर्दोला. १९२५ मध्ये ती परदेशी खेळाडूंना खुली झाली आणि तिथून तिला जागतिक स्पर्धा म्हणता येतं. त्याच सुमारास सुझान लाँग्लाँ ही फ्रेंच मुलगी असं टेनिस खेळत होती की तिला पाहायला लोक रांगा लावत. १९२५ आणि १९२६ ची विजेतेपदं तिचीच.

आता मी ज्या प्रसंगाशी जरा रेंगाळणार आहे तो १९२७ च्या सप्टेंबरचा. फ्रान्सच्या चौघांनी, बोरोत्रा, ब्रुन्यों, कोशे आणि लाकोस्त यांनी, फिलाडेल्फियात अमेरिकेला हरवून डेव्हिस कप जिंकला. त्यांना सगळा देश मस्केटिअर म्हणायला लागला. तेव्हा नियम असा होता की कप ज्याच्याकडे, त्याच्या अंगणात पुढच्या वर्षीचा आव्हानाचा सामना. म्हणजे १९२८ च्या जुलैत अमेरिकन येणार, बिल टिल्डन येणार, आणि पॅरिसमध्ये तेवढी गर्दी मावेल असं टेनिसचं मैदान नाही. स्टाद फ्राँसे या क्लबाने पोर्त द'ओतोयजवळची तीन हेक्टर जागा देऊ केली. एक अट घातली: मैदानाला आमच्या एका दिवंगत सभासदाचं नाव द्यायचं. तो सभासद म्हणजे रोलाँ गारोस.

हा टेनिसपटू म्हणून ओळखला जाणारा माणूस नव्हता. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर १८८८ मध्ये जन्मलेला हा वैमानिक. २३ सप्टेंबर १९१३ ला दक्षिण फ्रान्समधल्या फ्रेजूसहून उड्डाण करून त्याने भूमध्य समुद्र ओलांडला आणि ट्युनिशियात बिझर्तला उतरला. विमानाने तो समुद्र पार करणारा पहिला माणूस. महायुद्धात लढाऊ वैमानिक झाला, जर्मनांच्या कैदेत पडला, निसटला, पुन्हा विमानात बसला आणि ५ ऑक्टोबर १९१८ ला मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा तिसावा वाढदिवस होता आणि युद्ध संपायला पाच आठवडे उरले होते. मित्रांनी त्याचं नाव मैदानाला दिलं ते मैत्रीखातर. हे फ्रेजूस गाव लक्षात ठेवा, मला तिथे परत यायचं आहे.

मैदान वेळेत उभं राहिलं. फ्रान्सने १९२८ मध्ये कप राखला आणि १९३२ पर्यंत राखला. १९३२ च्या सामन्याची गोष्ट मात्र जमिनीशी निगडित आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेकडे एल्सवर्थ व्हाइन्स होता, तोफेसारखी सर्व्हिस करणारा. आदल्या दिवशी कोर्टाला नेहमीपेक्षा फार पाणी पाजलं आणि त्याच्या चेंडूची धार घालवली, असा अमेरिकनांचा आरोप होता. पुढे बोरोत्रा आणि विल्मर अ‍ॅलिसन यांच्या सामन्यात अ‍ॅलिसनला विजयाचा गुण मिळायची वेळ आली. बोरोत्राची दुसरी सर्व्हिस बाहेर पडली असं समजून अ‍ॅलिसन हस्तांदोलनासाठी नेटकडे निघाला. पंचांनी चेंडू आत धरला आणि बोरोत्रा तो सामना जिंकला. चेंडूची खूण आत होती की बाहेर, हा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं चालला.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ या मैदानाला लागलेला डाग आहे. १९३९ मध्ये फ्रेंच सरकारने ‘नको असलेले’ परदेशी पकडून इथे आणून ठेवले. लेखक आर्थर कोस्लर त्यांच्यातला एक, आणि त्याने त्याबद्दल लिहूनही ठेवलं. ज्या पायऱ्यांवर बसून लोकांनी बोरोत्राला डोक्यावर घेतलं, त्यांच्याखाली पेंढ्यावर माणसं झोपत होती. तोच बोरोत्रा पुढे व्हिशी सरकारचा क्रीडाप्रमुख झाला, आणि नंतर जर्मनांनी त्यालाही तुरुंगात टाकलं. उलट १९३८ आणि १९३९ ची विजेती सिमोन मात्यू लंडनला जाऊन द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात स्त्रियांचं दल उभारायला लागली. २०१९ मध्ये मैदानातल्या नव्या कोर्टाला तिचं नाव दिलं, ते मला फार योग्य वाटतं.

युद्धानंतरच्या वर्षांतली दोन सालं मी घेतो. १९५६ मध्ये अल्थिया गिब्सनने इथे एकेरी जिंकली आणि ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. त्याआधी काही महिने ती आशियाच्या दौऱ्यावर होती, भारतातही खेळून गेली होती. दुसरं साल १९६८. व्यावसायिक आणि हौशी हा भेद मोडून सर्वांना प्रवेश देणारी पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा हीच, आणि ती भरली नेमकी त्या मे महिन्यात, जेव्हा विद्यार्थी रस्त्यावर होते, आगगाड्या बंद होत्या, पेट्रोल मिळत नव्हतं. तरी प्रेक्षक आले, पायी आले, सायकलींवर आले. केन रोझवॉलने अंतिम सामन्यात रॉड लेव्हरला हरवलं.

त्यानंतर आजूबाजूची जमीन बदलत गेली. अमेरिकन स्पर्धेने १९७५ मध्ये गवत सोडलं, तीन वर्षं माती वापरली आणि १९७८ मध्ये कठीण पृष्ठभाग पत्करला. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये गवत सोडलं. पॅरिसने चुरा सोडला नाही. बोर्गची ६ विजेतेपदं, ख्रिस एव्हर्टची ७, आणि राफाएल नदालची १४, ११६ सामन्यांपैकी ११२ विजय, हे आकडे एकाच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या खेळत राहिल्यामुळे एकमेकांशेजारी ठेवता येतात. २०२५ मध्ये अल्काराज आणि सिनर ५ तास २९ मिनिटं खेळले, या स्पर्धेतला सर्वांत लांब अंतिम सामना. त्या वर्षीही इथे रेषेवर माणसंच पंच म्हणून उभी होती. शंका आली की खुर्चीतला पंच खाली उतरतो, वाकतो आणि चुऱ्यावर उमटलेली खूण बोटाने दाखवतो. इतर मोठ्या स्पर्धांनी हे काम यंत्रांना देऊन टाकलं आहे. मला विचाराल तर खेळाडू, पंच आणि प्रेक्षक तिघंही एकच खूण पाहू शकतात, याला मोल आहे.

आता आपल्याकडे येतो. मराठी घरांत टेनिस काही काल आलं नाही. शंकर पांडुरंग पंडित या वेदाभ्यासकांची मुलगी क्षमा राव संस्कृतात काव्य लिहायच्या आणि टेनिसही खेळायच्या. गांधीजींच्या चळवळीवरचं त्यांचं ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य १९३२ मध्ये छापलं गेलं तेही पॅरिसमध्ये. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकला, तसं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पण पॅरिसच्या मातीनेही भारताला भरभरून दिलं. १९७९ मध्ये रमेश कृष्णन कुमार गटात इथे जिंकला. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, भारतीयाचं ते पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. १९९९ आणि २००१ मध्ये लिअँडर पेस आणि भूपती पुरुष दुहेरीत. २०१२ मध्ये भूपती आणि मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा. २०१७ मध्ये रोहन बोपण्णा.

आणि फ्रेजूस. १९९३ च्या जुलैत डेव्हिस कपच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ फ्रान्सशी होती, सामना त्यांच्या घरी, त्यांच्या मातीवर, रोलाँ गारोसने जिथून उड्डाण केलं त्याच गावात. भारताला कुणी धरतच नव्हतं. वीस वर्षांचा पेस आणि कारकिर्दीच्या अखेरीला आलेला रमेश कृष्णन. २-२ अशी बरोबरी झाली आणि पाचवा सामना रमेशने रोडोल्फ जिल्बेरविरुद्ध जिंकला. रमेशच्या हातात जोर कधीच नव्हता. त्याच्याकडे होतं ते चेंडू कुठे ठेवायचा याचं शहाणपण, आणि ते मातीवर वाया जात नाही.

म्हणून मला आपल्या उपनगरांबद्दल बोलायचं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे मुलं टेनिस शिकत आहेत, आणि बहुतेक सगळी सिमेंटवर रंग दिलेल्या कोर्टावर. कारणं खरी आहेत. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मातीचं कोर्ट तेवढे दिवस बंद, दसऱ्यानंतर पुन्हा मुरूम, लाल माती आणि शेणकाला घालून उभं करायचं, रोज पाणी, रोज रोलर, रोज फक्की. तालमीतल्या हौद्याची माती जशी रोज खणावी, भिजवावी, जोपासावी लागते, तसंच हे. खर्च माणसांचा आहे, आणि तोच आधी कापला जातो. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे गुडघे सिमेंटवर रोज दोन तास आपटतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यात गुण संपवायची सवय लागते, याची किंमत कुणी मोजत नाही. युरोपातली मुलं या वयात मातीवर वाढतात. आपली तिथे पहिल्यांदा जातात तेव्हा घसरून थांबायचं कसं, हेच त्यांना माहीत नसतं.

ज्या जिमखान्यांत अजून एखादं मातीचं कोर्ट शिल्लक आहे, त्यांच्या कार्यकारिणीतले काही सभासद आज या सभागृहात आहेत. त्यांना माझी विनंती आहे. जूनमध्ये कोर्ट बंद करताना ‘या वर्षी पक्कंच करून टाकू’ हा विषय सभेपुढे आला, तर मत देण्याआधी ते कोर्ट रोज करणाऱ्या माळीबुवांना सभेत बोलवा आणि त्यांना विचारा, काय हवं आहे. बहुतेक ठिकाणी त्यांना एक जादा माणूस आणि पाण्याची एक वेगळी लाइन हवी असते.