खारा वारा आणि जहाजांचा धूर

दिंडोशीच्या टेकडीवर दुपारी खारे वारे सुरू झाले की पश्चिमेकडील खिडक्या उघडल्या जातात. समुद्रावरून येते ती हवा निर्मळच, अशी मुंबईकराची जुनी श्रद्धा. मोटारींच्या धुराविषयी तावातावाने बोलणारा गृहस्थही मढच्या किनाऱ्यावर उभा राहून क्षितिजावरील जहाजाकडे कौतुकानेच पाहतो. त्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, याचा विचार सहसा होत नाही.

कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर जो काळा, दाट गाळ उरतो, तेच मोठ्या जहाजांचे पारंपरिक इंधन होय. तापविल्यावाचून ते नळीतून वाहावयाचे नाही. तेलातील गंधकही बव्हंशी या गाळातच साचतो. २०१९ अखेरपर्यंत बहुतेक समुद्रांत अशा एका टन तेलात ३५ किलो गंधकाची मुभा होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून ती ५ किलोंवर आणली. सुधारणा मोठी खरी. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलपासून भारतात मोटारींच्या डिझेलला टनामागे अवघ्या १० ग्रॅमची मर्यादा लागू झाली. म्हणजे दिंडोशीजवळून द्रुतगती मार्गाने धावणाऱ्या मालमोटारीच्या तेलाहून जहाजाच्या तेलात पाचशेपट गंधक चालतो! बाल्टिक व उत्तर समुद्रांत २०१५ पासूनच १ किलोची अट आहे. अरबी समुद्राच्या वाट्यास ती आलेली नाही.

गंधकाचा हा धूर हवेत सूक्ष्म कणांचे रूप घेतो, वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातो आणि फुप्फुसांत खोल शिरतो. जहाज धक्क्याला लागले म्हणजे तो थांबतो, असेही नव्हे. न्हावाशेव्यास मालाची चढउतार चालू असता दिवे, पंप आणि शीतपेट्या यांसाठी जहाजाची लहान इंजिने रात्रंदिवस धडधडत असतात. अशा वेळी धक्क्यावरून वीज पुरविणे हा चांगला उपाय आहे. (महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते, तेव्हा थोडा धूर चंद्रपुरास धाडल्यासारखे होईल, ही गोष्ट निराळी.) दिंडोशीच्या हवेचा सारा दोष जहाजांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. रस्त्यांची धूळ, बांधकामे आणि मोटारी तेथे दाराशीच आहेत.

महाग तेल टाळण्यासाठी काही जहाजमालकांनी एक युक्ती योजली. धुराड्यात समुद्राच्या पाण्याचे फवारे मारून गंधक धुऊन काढावयाचा. नियमासही हे मान्य आहे. तथापि अनेक जहाजांवरून ते आम्लयुक्त पाणी, काजळी व धातूंच्या अंशांसह, परत समुद्रातच सोडले जाते. मनोरीच्या कोळ्याचे जाळे ज्या समुद्रात पडते, त्यालाच हवेची घाण अशा रीतीने बहाल होते. सिंगापूरने आपल्या बंदरात असे पाणी सोडण्यास २०२० च्या आरंभापासूनच मनाई केली.