चाल बाजूला ठेवा, शब्द म्हणून बघा



लग्नसराई सुरू झाली. गल्लोगल्ली मांडव पडायला लागले. मांडव आला की बाजा आला आणि बाजा आला की एक भांडणही ठरलेलं असतं: गाणं कोणतं लावायचं? म्हाताऱ्या म्हणतात, हळदीची गाणी म्हणू द्या. पोरी म्हणतात, डीजे लावा. आज या भांडणावरच बोलायचं आहे. ऐकायला लहान वाटतं, पण यावरून मैत्रिणी तुटतात.

लोहा आणि अहमदपूर तालुक्यांच्या शिवेवर एक गाव आहे. तिथल्या बचत गटातल्या या दोघी. एक पन्नाशीची, दुसरी तिशीची. धाकटी थोरलीला आक्का म्हणते. धाकटीनं शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं तेव्हा हमीला आक्का उभी राहिली. आक्काचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात चार रात्री धाकटी बसली. अशी ही मैत्री.

मग तिसऱ्याच एका घरी हळद होती. डीजेवर गाणं लागलं. त्यात पोरगी म्हणजे दारूची बाटली, पोरगी म्हणजे नशा, अशी सगळी भाषा. त्यावर एक बारा वर्षांची पोर मन लावून नाचत होती आणि कडेला उभी पोरं मोबाईलवर शूटिंग काढत होती. आक्का उठली आणि तिनं गाणं बंद करायला लावलं. म्हणाली, "ही काय गाणी म्हणायची? आमच्या ओव्यांना काही अर्थ असायचा."

धाकटी म्हणाली, "आक्का, तुमच्या ओव्यांत तरी काय असतं? भावाचं कौतुक, लेकाचं कौतुक, आणि सुनेनं सोसायचं. वर्षभर राबायचं, एक दिवस नाचलो तर काय बिघडलं?"

इथवर ठीक होतं. दोघी गाण्यावरच बोलत होत्या. पण पुढचं वाक्य आक्काच्या तोंडून निघालं, "तुमच्या गल्लीत असलंच चालतं." तिथं गाणं संपलं आणि गल्ली सुरू झाली. दोन महिने दोघी बैठकीला समोरासमोर बसल्या, पण बोलल्या नाहीत. धाकटीनं हप्ता दुसरीच्या हाती पाठवला आणि पुढच्या कर्जाला दुसरा जामीनदार शोधते म्हणाली.

खरं कोणाचं होतं? माझ्या मते गाण्याबद्दल दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

आधी आक्काची बाजू घेऊ. जात्यावरची ओवी ही बाईनं बाईसाठी केलेली कविता आहे. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्यापुढं बसून बाईनं आपलं मन मोकळं केलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ओव्या आज मोबाईलवर ऐकायला मिळतात. त्यात सीतेचा वनवास आहे, नवऱ्याचा मार आहे, माहेरची ओढ आहे आणि बाबासाहेबांबद्दलची मायाही आहे. शिकलेल्या माणसानं पुस्तकात लिहिलं नाही ते निरक्षर बाईनं जात्यावर गाऊन ठेवलं.

आणि जनाबाई तर आपल्या शेजारची. गोदाकाठच्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली आणि दळता-कांडता तिनं अभंग रचले. मैत्रिणींनो, ते अभंग गुळमुळीत नाहीत. ती विठ्ठलाला शिव्या घालते. पदराची पर्वा न करता भर बाजारात उतरायची भाषा करते. आज आपण ते हात जोडून ऐकतो. पण सातशे वर्षांपूर्वी एखाद्या घरच्या मोलकरणीनं असं म्हटलं, तेव्हा थोरामोठ्यांच्या कपाळावर आठी पडली नसेल का? आज जे पवित्र वाटतं त्यातलं बरंच काही त्या काळी धीट होतं.

आता धाकटीची बाजू. ती म्हणते ते खोटं नाही. ओव्यांमध्ये भावाचं आणि लेकाचं कौतुक उदंड आहे. लेकीचा जन्म नको गं बाई, अशा अर्थाच्या ओव्याही आहेत. ते त्या बाईचं दुःख होतं, हे मान्य. पण आपल्या लेकीपुढं आपण ते जसंच्या तसं कौतुकानं गायचं का? जुनं आहे एवढ्यानं सगळं सोनं होत नाही. आणि नाचण्याबद्दल म्हणाल, तर तांड्यावर होळीला लेंगी गातात तेव्हा बाया गोल करून नाचतातच की. माहूरच्या रेणुकामातेचा गोंधळ उभ्यानं, नाचतच घालतात. नाचणं आपल्या मातीत आधीपासून आहे. ते डीजेनं आणलेलं नाही.

मग चांगलं गाणं ठरवायचं कसं? प्रकारावरून ठरत नाही, एवढं नक्की. पुष्कळांना वाटतं, अभंग म्हणजे चांगलं आणि लावणी म्हणजे वाईट. ग. दि. माडगूळकरांचं उदाहरण घ्या. पुण्याच्या आकाशवाणीवर 1955 साली गीतरामायण सुरू झालं. सुधीर फडक्यांची चाल, एकूण 56 गाणी. लोक रेडिओला हार घालून ऐकायचे. तेच माडगूळकर 1959 साली आलेल्या 'सांगत्ये ऐका' या तमाशापटाचेही गीतकार. एकाच दौतीतून रामायण निघालं आणि लावणीही. दोन्हीकडं शब्द नेटके. लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं वाघ्या-मुरळीची गाणीही होतात आणि लावणी महोत्सवही होतो. यात्रेला जाणारी माणसं दोन्ही ऐकतात.

वरून हुकूम सोडूनही हे ठरत नाही. 1952 साली बा. वि. केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. झालं काय? लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची बिनाका गीतमाला घरोघर पोचली. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. आक्कानं डीजे बंद केला ते याच जातीचं. आवाज तेवढ्यापुरता थांबला. पण त्या पोरीला कोणी सांगितलं नाही की त्या शब्दांत काय चुकीचं होतं. पुढच्या हळदीला ती त्याच गाण्यावर नाचणार.

आणि ठेक्यावरूनही ठरत नाही. एप्रिलमध्ये भीमजयंतीला नांदेडला, लातूरला, आपल्या गावागावांत ढोल आणि डीजे दणाणतो. ठेका हळदीतलाच. पण शब्द शिका म्हणतात, माणूस म्हणून उभं राहा म्हणतात. वामनदादा कर्डकांनी अशी हजारो गाणी रचली. त्यांचा जन्म 1922 चा, सिन्नरजवळच्या देशवंडी गावचा. शाळा नाही. मोठेपणी अक्षरओळख झाली. त्यांची गाणी गाऊन गाऊन कित्येक वस्त्यांमधल्या आयांनी लेकरांना शाळेत घातलं. पण या गाण्यांना 'चांगल्या संगीतात' धरायला आपल्या समाजानं किती वेळ लावला! म्हणून आक्काचं ते गल्लीचं वाक्य इतकं बोचलं. 'चांगलं गाणं' म्हणजे वरच्या आळीचं गाणं, असा अर्थ आपल्याकडं फार दिवस चालत आला आहे. धाकटीला त्यात गाण्याची निंदा ऐकू आली नाही, आपल्या घराची ऐकू आली.

मग मैत्रिणींनो, मी तुम्हाला तीन साध्या कसोट्या सांगते. गटात करून बघा.

पहिली. चाल बाजूला ठेवा आणि शब्द नुसते बोलून बघा. दळण आणायला निघालेल्या बाईला सांगावं तसे. ठेक्यात पाय हलतात, त्यामुळं शब्द कानाआड जातात. ठेका काढला की शब्द उघडे पडतात. काही गाण्यांचे शब्द तेव्हाही गोड लागतात. काही बोलताना आपल्यालाच लाज वाटते. आणि काहींत नुसताच टाळ्यांचा भरणा असतो, ना वाईट ना चांगलं. त्यावर खुशाल नाचा.

दुसरी. गाण्यातली बाई बोलते की तिच्याबद्दल दुसरेच बोलतात? लावणीतली बाई पुष्कळदा स्वतः बोलते. तिला हवं-नको असतं, ती रुसते, टोमणा मारते. ओवीतली बाई बोलते. जनाबाई तर देवाला सुनावते. पण ज्या गाण्यात बाई म्हणजे नुसती वस्तू, बाटली नाही तर मिठाई, तिथं तिला तोंडच दिलेलं नसतं. शृंगारात काही वाईट नाही. बाईला मुकं करणं वाईट.

तिसरी. ज्याच्यावर गाणं आहे ते माणूस समोर बसलं असेल तर आपण ते गाऊ का? काळ्या रंगावर, जाडीवर, कुणाच्या जातीवर, विधवेवर विनोद करणारी गाणी आहेत. जुन्या हळदीच्या गाण्यांतही विहिणीला घातलेल्या शिव्या असतात. विहीण हसत असेल तर ती थट्टा. तिचा चेहरा उतरला तर ते गाणं तिथंच सोडायचं.

या कसोट्या लावायच्या तर शब्द ऐकू यायला हवेत. भिंती हादरतील इतका आवाज असेल तर काय परीक्षा करणार? म्हणून आवाज कमी ठेवा. मांडवात तान्ही लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात, त्यांचंही भलं होईल. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा तर कायदाच आहे.

त्या दोघींचं पुढं काय झालं ते सांगते. गटातल्याच एका बाईच्या लेकीची हळद आली. अध्यक्षाबाईनं बैठकीत सांगितलं, गाण्यांची यादी गट करील. निम्मी आक्कानं सांगायची, निम्मी धाकटीनं. पण जिचं गाणं तिनं त्याचा अर्थ सगळ्यांना सांगायचा. आक्का ओव्या सांगायला बसली आणि दोन ओव्यांवर अडली. म्हणाली, "ह्या नको. ह्यात लेकीचा जीव छोटा केलाय." धाकटीनं मोबाईलवरची आठ गाणी काढली आणि अर्थ सांगता सांगता तीन स्वतःच पुसली. बाटलीचं गाणं त्यात गेलं. हळदीला ओव्याही झाल्या, लावणीही झाली, भीमगीत झालं आणि डीजेही वाजला. ती बारा वर्षांची पोरही नाचली.

आक्का धाकटीजवळ जाऊन एवढंच म्हणाली, "गल्लीचं बोलले ते बोलायला नको होतं." धाकटीनं लगेच हो म्हटलं नाही. पण पुढच्या महिन्यात कर्जाच्या अर्जावर हमीदार म्हणून आक्काचंच नाव होतं. ओव्या अजून तिला रटाळ वाटतात आणि आक्काला डीजेनं डोकं दुखतं. दुखू द्या. आवड एक व्हायलाच पाहिजे असं कुठं आहे?

तुम्हीही एक करा. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, हिशेब झाला, की दहा मिनिटं गाण्याला द्या. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या ओव्या मोबाईलवर भरून घ्या. जातं गेलं, आता ती बाई गेली की ओवीही जाईल. आणि सगळ्यात तरुण सुनेला तिचं आवडतं गाणं लावायला सांगा, त्याचे शब्द मोठ्यानं वाचायला सांगा. मग भांडा, मनसोक्त भांडा. फक्त गाण्यावरून सुरू केलेलं भांडण गाण्यावरच संपवा, कुणाच्या घरापर्यंत नेऊ नका.

तुमच्या मांडवात कोणती गाणी ठरली ते आम्हाला नक्की कळवा. येते मी. नमस्कार.