पोर्टलचा पासवर्ड आपल्याच हातात



"आमची कमाई ती किती, आम्हाला कसला आयकर?" असे इथल्या बऱ्याच जणांना वाटत असेल. माझ्या नात्यातल्या एका मुलालाही तसेच वाटायचे. मोहल्ल्यातला एक एजंट त्याला म्हणाला, "फॉर्म १६ दे, रिफंड काढून देतो. २० टक्के माझे." पैसे आले, घरात सगळे खूश. दोन वर्षांनी नोटीस हातात पडली तेव्हा कळले, की त्याच्या नावावर एका राजकीय पक्षाला ८० हजारांची देणगी दाखवली होती! आधीच्या नोटिसा एजंटाच्या ई-मेलवर जात होत्या, कारण पोर्टलवर ई-मेल आणि मोबाइल त्याचाच होता. कर आणि व्याज मात्र मुलानेच भरले. अशा खोट्या माहितीवर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे.

म्हणून पहिली गोष्ट: रिटर्न कोणाकडूनही भरून घ्या, पण पासवर्ड, मोबाइल आणि ई-मेल आपलाच ठेवा. पाठवण्यापूर्वी रिटर्न स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट: भरण्याआधी पोर्टलवर २६एएस आणि एआयएस पाहा. तुमचा कापलेला टीडीएस, बँकेचे व्याज, शेअरचे व्यवहार तिथे दिसतात.

तिसरी गोष्ट: २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. पण ४ लाखांच्या वर उत्पन्न गेले, की कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. शेअर विक्रीवरच्या विशेष दराच्या नफ्याला आणि क्रिप्टोला ही सवलत नाही.

४ लाखांच्या आत असाल तरी थांबा. समजा, घरून काम करणाऱ्या एखाद्या मुलीला वर्षात ३ लाख मिळाले आणि कंपनीने १० टक्के टीडीएस कापला. तिचे ३० हजार सरकारजमा झाले. तिला कर लागतच नाही. पण रिटर्न भरल्याशिवाय ते पैसे परत येणार नाहीत.

आता आपल्या घरातला प्रश्न. बचत खात्याचे व्याज अनेक जण स्वतः वापरत नाहीत, गरजूंना देऊन टाकतात. तरीही ते तुमचे उत्पन्नच धरले जाते, रिटर्नमध्ये दाखवा. जकातीचेही तसेच. नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला दिलेल्या जकातीवर करसवलत नाही. जुन्या पद्धतीत ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच वजावट मिळते, आणि २ हजारांवरची रोख देणगी त्यात चालत नाही. नव्या पद्धतीत ही वजावटच नाही.

शेवटी तारीख. पगारदारांसाठी ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. मात्र ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर १ हजार आणि त्यापुढे ५ हजार रुपये विलंब शुल्क पडू शकते. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर केलेले काम वाया जाते.

उद्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक आधी रिटर्न मागेल. तो कागद खरा असेल, तर मान वर करून तिच्यासमोर बसता येईल.